तुळईतला दुष्काळ

काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीत आमच्या महाराष्ट्रीय समाजाचा जो सभामंडप आहे, त्यात काचेच्या पेटीत सागाच्या तुळईचा एक हातभर तुकडा ठेवलेला आहे. लोक त्याच्यापुढे उदबत्ती लावतात. वाळलेल्या लाकडापुढे उदबत्ती लावणं शहाणपणाचं नाही, पण पेटीखालच्या पितळी पाटीवर माझं नाव कोरलेलं असल्यामुळे मला ते कधी बोलता आलं नाही. पाटीवर असंही लिहिलं आहे की आमच्या घराण्यातल्या एका वैदिक पूर्वजाने घोर दुष्काळात इथल्या पंचगंगा घाटावर गंगेच्या पाण्यात उभं राहून पर्जन्यानुष्ठान केलं, पाऊस आला, संतुष्ट झालेल्या सरदाराने हा मंडप बांधून दिला, आणि हे सर्व विज्ञानाने सिद्ध झालं आहे. त्या वाक्यातलं विज्ञान म्हणजे मी.

मी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. झाडांची वलयं वाचणं हा माझा विषय. विषय सोपा आहे. साग उन्हाळ्यात पानं गाळून झोपतो आणि पावसाबरोबर जागा होतो, म्हणून त्याच्या खोडात दरवर्षी एक वलय धरतं. भरपूर पाऊस झाला तर रुंद, दुष्काळ पडला तर केसासारखं बारीक. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची, पॉलिश पेपरने घासायची आणि भिंगाखाली मोजत बसायचं. झाड तोडावं लागत नाही. जुनं लाकूड मिळालं तर त्याची वलयं जिवंत झाडाच्या वलयांशी जुळवायची, दोन साड्यांचे काठ जुळवावेत तशी. बारीकाशी बारीक, रुंदाशी रुंद. काठ जुळले की लाकडाचं वय कळतं, आणि कोणत्या साली पाऊस रुसला तेही.

काठ जुळले नाहीत तर प्रामाणिक माणूस लाकूड बाजूला ठेवतो.

मंडपाच्या दुरुस्तीत ती तुळई खाली उतरवली, तेव्हा तिच्यावर चुन्याचे थरावर थर होते आणि मधेच चार आकडे कोरलेले दिसत होते. समाजाचे चिटणीस धावत माझ्याकडे आले. हे गृहस्थ रेल्वेत मोठ्या जागेवर होते आणि निवृत्तीनंतर समाजाचा कारभारही रेल्वेसारखाच चालवत. म्हणजे घोषणा वेळेवर होत.

"प्रोफेसरसाहेब, तुमच्याच पूर्वजाची तुळई. तुम्हीच सिद्ध करायची."

"सिद्ध काय करायचं? तपासायचं असतं."

"तेच ते. तपासून सिद्ध करा."

त्या आकड्यांपुढे शक लावायचा की संवत, हा प्रश्न कुणाच्या मनातसुद्धा आला नाही. आम्हा काशीतल्या मराठी लोकांची ही खास खोड आहे. इथे राहून पिढ्या गेल्या, भाजीवाल्याशी आम्ही भोजपुरीत भांडतो, मुलं घरातही हिंदीत बोलतात, पण काळ मात्र आमचा आम्ही वेगळा ठेवला आहे. संकल्प शालिवाहन शकाचा, लग्नपत्रिका शकाची. भोवतालची सगळी नगरी विक्रम संवत मोजते, तिचा श्रावण लागतो तेव्हा आमचा आषाढ अर्धा उरलेला असतो, आणि आमची ठाम समजूत असते की नगरी चुकते आहे. दोन्ही सनांत एकशे पस्तीस वर्षांचा फरक. मराठी मंडपातल्या तुळईवरचा आकडा शकाचाच असणार, असं आम्ही सर्व धरून चाललो. तुळई कोरणारा सुतार इथलाच होता आणि तो आमच्या पंचांगाला विचारून कोरायला बसला नव्हता, हे शास्त्रज्ञाला सुचायला हवं होतं. शास्त्रज्ञ त्या वेळी आपल्या पूर्वजाच्या विचारात होता.

शकाप्रमाणे साल धरलं तर ते सरदाराच्या काळात अचूक बसत होतं. सोन नदीपलीकडच्या जंगलातल्या म्हाताऱ्या सागांच्या ज्या कांड्या माझ्याजवळ होत्या, त्यांची सर्वांत आतली वलयंही जेमतेम तिथवर पोचत होती. तुळईच्या कापात बारीक वलयांचा एक घट्ट जुडगा होता आणि त्याच्या लगेच पुढे एक दणदणीत रुंद वलय. दुष्काळ, अनुष्ठान, पाऊस. मी भिंगावरून डोळा काढला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी खोटं सांगत नाही.

फक्त काठ जुळत नव्हते.

आमच्या विद्येत दोन पळवाटा आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. फारच कोरडं वर्ष असलं तर झाड एखाद्या बाजूला वलय धरतच नाही. त्याला हरवलेलं वलय म्हणतात. पाऊस मधेच थांबून पुन्हा आला तर एका वर्षात दोन वलयं दिसतात. त्यातलं एक खोटं. या गोष्टी दहा झाडं ताडून मग म्हणायच्या असतात. मी एका तुळईवर म्हटल्या. जिथे जुळेना तिथे एक वलय हरवलं, आणखी पुढे अडलं तिथे एक खोटं ठरलं, आणि असं हरवत-ठरवत मी जुडगा बरोबर हवा तिथे आणून बसवला. लेख समाजाच्या स्मरणिकेत छापला. शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवला नाही, कारण तिथे लेख वाचणारे लोक असतात.

सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, समई. काचेच्या पेटीसाठी तुकडा कापून माझ्या घरी पाठवला होता, साफ करून द्यायला. मी ओल्या फडक्याने आकड्यांच्या अलीकडचा चुना पुसत होतो आणि चुन्याखालून अक्षरं वर आली. पूर्ण, सुबक, ठसठशीत: संवत.

म्हणजे लाकूड एकशे पस्तीस वर्षं आणखी जुनं. तेव्हा ना आमचे सरदार काशीत आले होते ना त्यांचा मंडप. तुळई कुणाच्या तरी पडक्या कोठीतून उचलून मंडपाला लावलेली. काशीत जुनं लाकूड कधी वाया जात नाही, आज या घरात, उद्या त्या. त्यातला दुष्काळ कुणाचा, पाऊस कुणाचा, काहीच सांगता येत नव्हतं. ते रुंद वलय पावसाचंच असेल असंही नाही. शेजारची दोन झाडं कुणी तोडली तरी उरलेल्या झाडाला ऊन मिळतं आणि त्याची चंगळ होते. एखाद्या घराण्याचं वैभव पुष्कळदा असंच वाढतं.

मी पानाच्या डब्यातून बोटावर चुना घेतला आणि ती अक्षरं लिंपून टाकली. वाचकांनी इथे वाक्प्रचार आठवू नये. मी घडलं तेच सांगतो आहे. वाळल्यावर पाहिलं, डाग जुन्यात मिसळून गेला होता. संध्याकाळी शाल पांघरून बसलो आणि चिटणिसांनी माझा उल्लेख ऋषी असा केला तेव्हा मान खाली घातली. लोकांनी तो विनय समजला.

इथवर ही नुसती एका लबाड म्हाताऱ्याची गोष्ट झाली असती, आणि अशा गोष्टींची विद्यापीठात कमतरता नाही. पण मला एक धाकटा भाऊ होता.

भाऊ वडिलांच्या पाठोपाठ वैदिक झाला. मी शिकलो, तो घोकत राहिला, असं मी त्याच्याबद्दल म्हणत असे, तेही त्याच्या समोर. वास्तविक आमच्या दोघांत अंधश्रद्धा कमी त्याचीच होती. पूर्वजाच्या पावसाची गोष्ट निघाली की तो हसायचा.

"दादा, पाऊस पडायचा तेव्हा पडतो. आपण सूक्त म्हणायचं, दक्षिणा घ्यायची, घरी येऊन वरणभात खायचा. ढगांशी आपली ओळख नाही."

स्मरणिका आली तेव्हा तो माझ्याकडे आला. लेखातली आलेखाची आकृती त्याने उलटी धरली होती. मी सुलटी करून दिली.

"हे तू स्वतः मोजलंस?"

"मोजलं."

"नीट?"

"नीट."

"म्हणजे पूर्वज खरंच उभे राहिले आणि खरंच पाऊस आला?"

"लाकूड तसं म्हणतंय."

त्याने स्मरणिका मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "आणि मी आयुष्यभर हसत आलो." त्याच्या आवाजात शरम होती. मी त्याला चहा दिला.

मंत्रांनी जी श्रद्धा त्याला चाळीस वर्षांत दिली नव्हती, ती माझ्या भिंगाने एका दुपारी दिली. त्यानंतर पाऊस लांबला की तो पंचगंगेवर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहू लागला. पहिल्यांदा तासभर, मग सकाळभर, मग सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. महाराष्ट्रातून यजमान येऊ लागले. साखर कारखान्याचे अध्यक्ष, बांधकामवाले. त्यांच्यासाठी मंडपात माझा लेख फ्रेम करून लावला होता. पाऊस आला तर अनुष्ठान फळलं, नाही आला तर कमी पडलं. कमी पडलं असं सगळ्यांत आधी भाऊच म्हणायचा. शेवटच्या वर्षी कमी पडू नये म्हणून तो सलग दोन दिवस पाण्यात उभा राहिला. छातीत पाणी झालं. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असताना त्याने मला खुणेने जवळ बोलावलं आणि विचारलं, आला का? मी खिडकीकडे पाहिलं आणि म्हटलं, भरून आलंय. आकाश भांड्याच्या तळासारखं लखलखीत होतं.

त्याच्या तेराव्यालाही मी बोललो नाही. मेलेल्या माणसाची श्रद्धा कशाला मोडा, असं मी स्वतःला सांगितलं. मला असल्या गोष्टी फार सुरेख सांगता येतात.

यंदा मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. एका सकाळी भावजय माझ्याकडे आली. ती सहसा येत नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "मोठे भाऊजी, तो उतरतो म्हणतोय."

तो म्हणजे तिचा एकुलता मुलगा, माझा पुतण्या. बँकेत नोकरी करतो, रविवारी पूजा सांगतो आणि लहानपणापासून दमेकरी आहे.

"त्याला दमा आहे," मी म्हटलं.

"मला सांगताय? मी जन्म दिलाय त्याला. पंप काठावर ठेवणार म्हणे, प्लास्टिकच्या पिशवीत. लागला तर कुणीतरी फेकेल, हा झेलेल."

"तू थांबव."

"माझं ऐकतो का? चिटणिसांनी डोक्यात भरवलंय, गादी रिकामी आहे, घराण्याचा माणूस हवा. पुण्याचे यजमान गाडीत बसलेसुद्धा. मी म्हटलं, तुझे वडील गेले त्यात. तर म्हणतो, आई, ते कहानी नाहीये, मोठ्या काकांनी मोजलंय." तिने पदराने कपाळ पुसलं. "तुमचं ऐकेल. काहीही सांगा. खोटं सांगा हवं तर."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी खोटं बोलायची परवानगी देत होतं आणि खऱ्यानेच काम होण्यासारखं होतं.

त्याच संध्याकाळी मंडपात तयारीची सभा होती. पाण्यात टाकायच्या बांबूच्या कठड्यावर चर्चा चालली होती, कारण प्रवाहाचा भरवसा नाही. पुतण्या पुढच्या रांगेत बसला होता, भावजय मागे खांबाजवळ. मी चिटणिसांना पेटीची किल्ली मागितली. त्यांना वाटलं मी लाकडाला हार घालणार. त्यांनी टाळ्यासुद्धा सुरू केल्या. मी खिशातून ओलं फडकं काढलं आणि चुना पुसला. मग सगळं सांगितलं. संवत, उचललेली तुळई, हरवलेलं वलय, पानाचा डबा.

मग चिटणिसांनी बोटांवर हिशेब केला.

"एकशे पस्तीस वर्षं? मागे?"

"मागे."

"म्हणजे आणखी प्राचीन!" त्यांचा चेहरा उजळला. "अहो, हे आधी का नाही सांगितलंत? आता पाटी बदलावी लागणार."

"तेव्हा सरदार इथे नव्हते हो. हे लाकूडच आपलं नाही."

"नसेनात का!" एक निवृत्त हेडमास्तर मधेच उठले. "याचा अर्थ समाज सरदारांच्याही आधीपासून काशीत होता. मी हे नेहमी म्हणत आलोय."

"मी खोटं लिहिलं," मी ओरडून म्हटलं. "ऐकताय का? मी खोटं लिहिलं."

"वयाप्रमाणे होतं असं," चिटणीस मऊपणे म्हणाले आणि मला खुर्ची दिली. "तुम्ही बसा. पाणी आणा रे साहेबांना."

पन्नास माणसांच्या सभेत खरं ऐकलं ते एकट्या पुतण्याने. तो उठून पेटीजवळ आला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला चुना पाहिला.

"काका, हे तुम्हाला कबसे माहीत होतं?"

"सत्काराच्या आधीपासून."

"बाबा पाण्यात जायला लागले, त्याच्या आधी?"

"आधी."

त्याला धाप लागली. त्याने खिशातून पंप काढला, दोनदा ओढला आणि चिटणिसांकडे वळून म्हणाला, "मी उतरणार नाही. दुसरा कुणी बघा." मग चपला शोधत बाहेर गेला.

भावजय माझ्या जवळून गेली तेव्हा क्षणभर थांबली. मला वाटलं आभार मानेल. माणूस किती कोडगा असू शकतो पाहा. ती म्हणाली, "एवढं सोपं होतं? एक ओलं फडकं?"

कार्यक्रम अर्थातच रद्द झाला नाही. यजमान गाडीत होते. दुसऱ्या घाटावरचा एक धिप्पाड शास्त्री आणला, आमच्या घराण्याशी त्याचा संबंध नाही, पण पाण्यात उभं राहिलं की माणूस पाठमोरा दिसतो. पाऊस पुढच्या पंधरवड्यात आला, सगळ्या पूर्वांचलात आला, आणि श्रेय कुणी घेतलं ते सांगायला नको. नवी पाटी तयार आहे. तिच्यावरही माझं नाव राहणार आहे. मी विरोधाचं पत्र दिलं, त्यावर माझ्या विनयाची नोंद झाली.

अनुष्ठानाच्या सकाळी मी पंचगंगेच्या पायऱ्यांवर बसलो होतो. खाली शास्त्री पाण्यात शिरला होता, यजमानाचा माणूस मोबाइलवर चित्रण करत होता. पुतण्या वरून आला. ऑफिसचे कपडे, हातात हेल्मेट, कारण स्कूटर पार मोठ्या रस्त्यावर लावावी लागते. माझ्यापासून दोन पायऱ्या वर उभा राहिला. नमस्कार केला नाही.

"एक विचारायचं होतं."

"विचार."

"शेवटच्या वेळी, बाबा दोन दिन पाण्यात होते, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. घाटावर."

"काय करत होतात?"

मी उत्तर तयार करू लागलो. जिभेवर दोन-तीन बरी वाक्यं आलीसुद्धा. मग म्हटलं, "छत्री धरून बसलो होतो."

"बाबांवर?"

"नाही. ऊन फार होतं."

त्याने मान हलवली, जणू एखाद्या ग्राहकाची सही जुळली. पाण्याकडे पाहिलं. तिथे शास्त्र्याने सूक्ताची सुरुवात चुकवली होती आणि पुतण्याचे ओठ आपोआप हलून ती दुरुस्त करत होते. मग ते थांबले.

"चलतो. बँकेला देर होतेय," तो म्हणाला आणि पायऱ्या चढू लागला. मधे दम घ्यायला दोनदा थांबला. मी उठून त्याच्याजवळ गेलो नाही. त्याने हात झटकला असता आणि त्याला ते शोभलंही असतं. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर त्याने हेल्मेट काखेत धरलं, पंप ओढला आणि आत वळला. कपडे कोरडे होते.